आधार मिळाला की वेल, नाही मिळाला की झुडूप

मानवत तालुक्यात बेशरम कुठे दिसेल असं विचारलं, तर कुणीही बसल्या जागेवरून बोट दाखवील. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या काठाने ते आहे, शेतचाऱ्यांच्या तोंडाशी आहे, दुधनेच्या पात्रात आहे. कल्याण-निर्मल महामार्गाच्या कडेला जिथे पावसाचं पाणी साचतं तिथे आहे आणि रेल्वेच्या भरावाखालीही आहे. फिकट गुलाबी, आत जांभळट झाक असलेली कर्ण्याच्या आकाराची फुलं, लांबट हृदयाकृती पानं, काडी मोडली की गळणारा पांढरा चीक आणि आतून पोकळ खोड. जनावरं सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून कधीकाळी कुंपणाला लावलेलं हे झुडूप. आज त्याला कुंपण घालण्याची वेळ आली आहे.

इतकं ओळखीचं झाड असूनही एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. कालव्यावरचं बेशरम, डोहातलं बेशरम आणि धुऱ्यावरच्या बाभळीखालचं बेशरम ही तीन झाडं शेजारी ठेवली, तर ती एकाच जातीची आहेत यावर नवखा माणूस विश्वास ठेवणार नाही. एक ताठ उभं, दुसरं पाण्यावर आडवं पसरलेलं, तिसरं फांद्यांच्या आधाराने वर सरकणारं. शेजारी कोण आहे, ऊन किती आहे, पाणी कुठवर येतं यावर या झाडाचं शरीर ठरतं. ते कसं ठरतं हे समजून घेतलं नाही, तर त्याला हटवण्याची आपली सगळी मेहनत वाया जाते, आणि तालुक्यात दरवर्षी ती जातेच आहे.

आधी त्याचं कूळ पाहू. बेशरमाचं शास्त्रीय नाव आयपोमिया कार्निया. ही आयपोमिया मंडळी म्हणजे वेलींचं मोठं घराणं. उपवासाला खाल्लं जाणारं रताळं याच प्रजातीतलं, तळ्यातली नाळीची भाजी यातलीच, कोकणच्या पुळणीवर वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल आणि अंगणातल्या जाळीवर चढणारी लाल फुलांची गणेशवेल हीसुद्धा यातलीच. ही सगळी भावंडं वेली. मग हे झुडूप कसं?

या प्रश्नाचं उत्तर दक्षिण अमेरिकेत आहे. 1760 साली निकोलाउस याकॅन याने आयपोमिया कार्निया हे नाव दिलं ते एका वेलीला. पुढे ब्राझीलकडच्या, ताठ वाढणाऱ्या आणि पोकळ खोडाच्या झुडपाला वेगळी जात मानून आयपोमिया फिस्टुलोसा म्हटलं गेलं. दोन्हींची फुलं जवळजवळ सारखी, बांधा मात्र निराळा. डॅनियल ऑस्टिन या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1977 साली या दोघांचा एकत्र अभ्यास मांडला आणि त्यांना एकाच जातीच्या दोन उपजाती ठरवलं. एक उपजाती रुंद पानांची, चढणारी वेल. दुसरी लांबट पानांची, झुडूपवजा. आपल्याकडे आलेली आणि सगळीकडे माजलेली ती दुसरी. म्हणजे मानवतच्या कालव्यावर जे उभं आहे, त्याची सख्खी बहीण तिच्या मायदेशी झाडांवर चढते आहे. वेलपण या घराण्याच्या रक्तात आहे. झुडपात ते दबून राहतं, संपलेलं नसतं.

झुडूप उपजातीचा मूळ मुलूख म्हणजे पॅराग्वे नदीच्या खोऱ्यातली पूरमैदानं. त्यातलं पांतानाल हे ब्राझील, बोलिव्हिया आणि पॅराग्वे या तीन देशांत पसरलेलं जगातलं सर्वांत मोठं उष्णकटिबंधीय पाणथळ मैदान. तिथे वर्षातले काही महिने सगळं पाण्याखाली जातं आणि मग काही महिने जमीन कोरडी पडते. या चढउतारात टिकायचं, तर कोरड्यात उभं राहता आलं पाहिजे आणि पाण्यात तरंगताही आलं पाहिजे. बेशरमाला दोन्ही येतं.

आता मानवतकडे पाहा. पैठणच्या जायकवाडी धरणाचं भूमिपूजन 1965 साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झालं आणि 1976 साली इंदिरा गांधींनी त्याचं उद्घाटन केलं. त्याचा डावा कालवा 208 किलोमीटरचा, पाथरी-मानवत करत परभणीकडे येतो. या कालव्याने कोरडवाहू काळ्या जमिनीला पाणी दिलं, ऊस आणला, कापूस-सोयाबीनला आधार दिला. त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट आली. आवर्तन सुटलं की चाऱ्या भरून वाहायच्या, आवर्तन बंद झालं की महिनोन् महिने चिखल आणि मग भेगा. काठाला पाझर, सखल लवणात साचलेलं पाणी, उन्हाळ्यात पुन्हा कोरडं. मला हे पांतानालच्याच चढउताराचं छोटं रूप वाटतं. दुधनेची गतही तशीच. पावसाळ्यात दुथडी, मार्चनंतर डोह-डोह उरलेले. बेशरम इथे इतकं रुळलं याचं फार नवल वाटायला नको. त्याला त्याच्या घरचं पाणी मिळालं.

कालव्याचा काठ घ्या. तिथे भरपूर ऊन, पायाशी ओल, आणि सावली धरणारं उंच झाड सहसा नाही. सोबतीला हराळी, लव्हाळा, गाजरगवत, म्हणजे गुडघ्या-कमरेइतकीच मंडळी. इथे बेशरम बुंध्याजवळून पाच-दहा खोडं काढतं, ती मनगटाएवढी जाड होतात आणि पुरुषभर किंवा त्याहून वर सरळ जातात. पेऱ्यापेऱ्यांतलं अंतर कमी, पानं दाट, फुलं शेंड्याला घोसाने. शेजाऱ्यांशी उंचीची स्पर्धा नसल्याने आधार शोधण्याची गरज नाही. त्याच्या बेटाखाली मात्र जमिनीपर्यंत ऊन पोचत नाही, तिथे हराळीही विरळ होते.

दहा पावलं खाली, जिथे पाणी उभं असतं आणि पाणकणीस वाढतं, तिथे चित्र पालटतं. खोडं कलंडतात, पाण्यावर आडवी होतात आणि पेऱ्यापेऱ्यातून पांढऱ्या मुळ्यांचे झुपके सुटतात. शेंडा तेवढा वर वळलेला. एक खोड आडवं झालं की त्याच्या दर पेऱ्यातून नवी फांदी उभी राहते, ती पुढे पुन्हा आडवी होते. असं करत काठापासून डोहाच्या मध्याकडे सगळं गुंतवळ सरकत जातं. पोकळ खोडात हवा असल्याने ते बुडत नाही. नाळीची भाजी हेच करते, तेव्हा ही घराण्याचीच विद्या. 1994 साली एका शोधलेखात भारतातलं नवं पाणतण म्हणून बेशरमाची नोंद झाली. 

पाण्यात गेल्यावर मुळ्या का सुटतात, याचं कारण सुंदर आहे. प्रत्येक वनस्पती इथिलीन नावाचा वायू थोडाथोडा तयार करते. हवेत तो उडून जातो. पाण्यात वायू फार हळू पसरतात, त्यामुळे बुडालेल्या भागात इथिलीन साचतं. हे साचणं म्हणजेच झाडाला मिळालेली खबर की आपण पाण्याखाली आहोत. त्या खबरीवर पेऱ्यात झोपलेल्या मुळ्यांच्या कळ्या जाग्या होतात. चिखलातल्या जुन्या मुळांना प्राणवायू मिळत नसतो, म्हणून पाण्याच्या वरच्या थरात ही नवी मुळं कामाला लागतात.

तिसरं रूप धुऱ्यावरचं. मानवतकडे धुऱ्यावर बाभूळ, हिवर, बोर, मधूनच कडुनिंब, आणि अलीकडे वेडी बाभूळ. आखाड्याजवळ अशी रांग असली की तिच्या सावलीत शिरलेलं बेशरम बघावं. खोड बोटाएवढं बारीक, पेरी लांबलेली, पानं मोठी पण पातळ, आणि सगळं झाड एका बाजूला कललेलं. बोरीच्या काट्यांत फांद्या अडकवून ते वर सरकतं. शेंड्याजवळच्या कोवळ्या काड्या कधी कधी दुसऱ्या फांदीभोवती वळसाही घेतात. खाली फुलं जवळजवळ नाहीत. बोरीच्या वर, जिथे ऊन लागतं तिथे मात्र चार-सहा कर्णे उमललेले. पूर्ण वेल ते इथेही होत नाही, पण वेलीच्या अर्ध्या वाटेवर नक्कीच येतं.

सावली ओळखण्याचं साधन पानांतच असतं. हिरवी पानं सूर्यप्रकाशातला लाल रंग शोषून घेतात आणि त्याच्या पलीकडचा, आपल्या डोळ्याला जेमतेम दिसणारा गडद लाल प्रकाश खाली जाऊ देतात. त्यामुळे झाडाखालच्या उजेडात या दोन लालांचं प्रमाण बिघडतं. फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य हे प्रमाण मोजतं. भिंतीच्या सावलीत उजेड नुसता कमी होतो, झाडाच्या सावलीत त्याची प्रतच बदलते, आणि वनस्पतीला हा फरक कळतो. डोक्यावर कुणीतरी हिरवं आहे हे कळलं की ती जाडीवरचा खर्च थांबवते आणि लांबीवर लावते.

हा खर्चाचा हिशेब नीट पाहण्यासारखा आहे. 1881 साली आल्फ्रेड ग्रीनहिल या ब्रिटिश गणितज्ञाने उभा खांब स्वतःच्या वजनाने वाकायला कधी लागतो याचं गणित झाडांना लावलं. त्यातून निघालं की उंची दुप्पट करायची तर बुंध्याची जाडी सुमारे 2.8 पट करावी लागते. जाडी 2.8 पट म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ आठ पट. त्याला दुप्पट उंचीने गुणा. एक मीटरचं झुडूप स्वबळावर दोन मीटर व्हायचं, तर सुमारे सोळा पट लाकूड हवं. तेच दुसऱ्याच्या अंगावर रेलून दोन मीटर गेलं, तर जाडी वाढवायची गरज नाही, दुप्पट लाकडात काम भागतं. सोळा आणि दोन. उरलेलं सगळं पानांना, मुळांना, नव्या फुटव्यांना. वेली इतक्या भराभर का वाढतात आणि दुसऱ्याच्या जंगलात शिरल्या की इतक्या आवरेनाशा का होतात, ते या दोन आकड्यांत दिसतं.

अर्थात आधार आधी सापडला पाहिजे. चार्ल्स डार्विनने आजारपणात खोलीत ठेवलेल्या वेलीचा शेंडा तासन् तास न्याहाळला होता. वेलीचा शेंडा हवेत वर्तुळं काढत फिरतो. हॉप नावाच्या वेलीचा एक फेरा सरासरी दोन तास आठ मिनिटांत पुरा होतो, असं त्याने मोजलं. फिरताना काठीला अडखळला की तिथेच वळसा सुरू. ज्याला आधार सापडत नाही तो शेंडा फिरत फिरत लांबतो आणि शेवटी खाली पडतो. बेशरमाला ही जोखीम परवडते, कारण पडलं तरी ओल्या मातीत त्याला मुळ्या फुटतात.

चौथं रूप सर्वांत दुर्लक्षित. रेल्वेच्या भरावावर, मुरमाड माळावर, जिथे पाणी टिकत नाही तिथेही बेशरम तग धरतं. कमरेइतकं, आखूड पेऱ्यांचं, बारक्या पानांचं. परभणीचा उन्हाळा चाळिशीच्या वर गेला की ते पानं टाकून नुसत्या काड्यांनी उभं राहतं. लोकांना वाटतं वाळलं. मृगाच्या एका पावसाने त्याला पुन्हा पालवी येते.

जगात याहून टोकाची उदाहरणं आहेत. मादागास्करची रबरवेल, शास्त्रीय नाव क्रिप्टोस्टेजिया ग्रँडिफ्लोरा, शोभेसाठी ऑस्ट्रेलियात नेली गेली. क्वीन्सलँडच्या उघड्या कुरणात ती माणसाएवढं झुडूप होते, तिच्या लांब चाबकासारख्या फांद्या हवेत झुलत राहतात. त्याच भागातल्या नदीकाठच्या रानात ती झाडांवर चढून तीस मीटरपर्यंत जाते आणि झाडाचा शेंडा झाकून त्याला मारते. कुरणात कापता येते, नदीकाठी हातच पोचत नाही. शेवटी मादागास्करहून तांबेऱ्याची एक बुरशी आणून 1990च्या दशकात सोडावी लागली. ती पानं गाळते आणि वेलीची ताकद घटवते. दख्खनच्या कोरड्या भागातही ही रबरवेल आहे, आपण तिच्याकडे फारसं पाहिलेलं नाही.

हा खेळ उलटाही होतो. माधवीची वेल आपली, सह्याद्रीची. तिचं फूल बघायला लोक रानात जातात. तीच माधवी हिंदी महासागरातल्या मॉरिशस आणि रेयुनियों बेटांवर पोचली आणि तिथल्या कोरड्या रानांचा गळा आवळू लागली. उघड्यावर झुडूप, रानात महावेल. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आगंतुक जातींची जी यादी निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने केली, तिच्यात माधवी आहे. घाणेरीही आहे, आणि घाणेरीचं वागणंही असंच. माळावर काटेरी जाळी, दाट रानात झाडाच्या आधाराने वर. वनस्पती कुठेच उपजत गुन्हेगार नसते. तिला रोखणारे कीटक, बुरशा आणि शेजारी मागे राहतात आणि नव्या जागी तिच्या अंगच्या सगळ्या शक्यता मोकळ्या सुटतात.

बेशरमाला आपल्याकडे खाणारं कोणीच नाही असं मात्र नाही. पानांना गोल भोकं दिसली तर पान उलटून पाहावं. कासवासारखी पसरट पाठ असलेले, सोन्यासारखे चमकणारे बारके भुंगे सापडतील. ते याच कुळातल्या वनस्पतींवर जगतात. पानाच्या देठापाशी मधाच्या बारीक ग्रंथी असतात, त्यांच्यावर मुंग्यांची ये-जा चालते आणि त्या बदल्यात मुंग्या अळ्यांना हुसकावतात. सावलीतल्या लेच्यापेच्या फांदीवर आणि उन्हातल्या जाड फांदीवर या मुंग्यांची वर्दळ सारखी असते का, हे एखाद्या विज्ञानमंडळातल्या मुलांनी मोजून पाहण्यासारखं आहे.

आणि शेळ्या. बेशरमात स्वेन्सोनीन नावाचं विष असतं. ते झाड स्वतः बनवत नाही, त्याच्या आत राहणारी एक बुरशी बनवते. उन्हाळ्यात दुसरं हिरवं काही उरलं नाही की शेळी ते खाते, आणि एकदा खाल्लं की तिला चटक लागते. पेशींमध्ये साखरेचे न मोडलेले रेणू साचत जातात, मेंदूवर परिणाम होतो. शेळी लडखडते, मान थरथरते, खंगत जाते. डोहाच्या काठचं आडवं, कोवळ्या फुटव्यांचं बेशरम शेळीच्या तोंडाला सहज लागतं, म्हणून मे महिन्यात कळप तिकडे नेऊ नये.

आता हटवण्याचं. कालव्यावरची सफाई म्हणजे जेसीबीने ओरबाडणं आणि काड्या तिथेच टाकणं, हे आपण दरवर्षी बघतो. उभ्या रूपात एक झाड म्हणजे एक बुंधा. त्याचे शंभर तुकडे करून ओल्या काठावर पसरले, तर पुढच्या आवर्तनाचं पाणी ते तुकडे चाऱ्या-चाऱ्यांत नेऊन लावतं. दर तुकड्याला एखादं पेरं असलं तरी पुरे. कालव्याच्या काठचं बेशरम आवर्तन बंद असताना, जमीन भेगाळलेली असताना बुंध्यासकट खणून काढावं आणि काड्या पाण्यापासून दूर, उन्हात पूर्ण वाळेपर्यंत ठेवाव्यात. डोहातल्याला कोयत्याने वरवर छाटून काही होत नाही. तिथे मुळं पेऱ्यापेऱ्यांत आहेत. पाणी उतरलं की काठाकडून आत सगळं गुंतवळ ओढून बाहेर काढावं लागतं, आणि एकही फांदी वाहू द्यायची नाही. धुऱ्यावर बोर-बाभळीत अडकलेल्याचं मूळ एकाच जागी असतं. ते उकरलं की वरचा पसारा जागच्या जागी वाळतो, बोरीला धक्का लावायची गरज नाही. उलट बोर-बाभळी तोडून धुरा मोकळा केला, तर उरलेल्या बेशरमाला ऊन मिळतं आणि ते पुन्हा दाट बेट धरतं. म्हणून धुऱ्यावरची जुनी झाडं ठेवावीत.

फवारणीचा मोह होतो. टू-फोर-डी हे तणनाशक बेशरमावर चालतं हे खरं. पण मानवत म्हणजे कापसाची बाजारपेठ, आणि कापूस या औषधाला विलक्षण हळवा आहे. वाऱ्यावर आलेले त्याचे बारीक तुषार, किंवा नीट न धुतलेल्या पंपात उरलेला अंशसुद्धा कापसाची पानं भेंडीच्या पानांसारखी चिरकटवायला पुरतो. पात्या-फुलं गळतात. शेजारच्या शेतात कापूस उभा असताना धुऱ्यावर किंवा चारीच्या काठावर हे औषध मारणं म्हणजे शेजाऱ्याच्या हंगामाशी खेळणं. खरीप उभा असेतो ते नकोच.

ही रूपं परिस्थितीमुळे की बियाण्यातल्या फरकामुळे, अशी शंका राहते. ती फेडायला बेशरमासारखी सोपी वनस्पती नाही. एकाच झाडाच्या सारख्या लांबीच्या बारा काड्या कापायच्या. सगळ्या एकाच रक्ताच्या, म्हणून त्यांच्यात जो फरक पडेल तो जागेचाच. सारखी माती भरलेल्या डब्यांत त्या लावायच्या. तीन डबे उघड्या उन्हात, तीन कडुनिंबाच्या दाट सावलीत, तीन पाण्याने भरलेल्या घमेल्यात, तीन अगदी कमी पाण्यावर. दोन महिने पेऱ्यांची लांबी, खोडाची जाडी, पानाची लांबी-रुंदी मोजायची. सावलीतल्या डब्यांपैकी एकाशेजारी काठी रोवायची, दोन तशीच ठेवायची, आणि शेंडा काठीकडे जातो का ते पाहायचं. परभणी, मानवत, सेलू, पाथरी, कुठल्याही शाळेला हे परवडेल. एकच अट. डबे बंदिस्त आवारात राहावेत आणि प्रयोग संपला की बाराही झाडं मुळांसकट वाळवून जाळावीत, एकही काडी आवाराबाहेरच्या नाल्यात जाऊ नये.